चक्कीवालीचं पाणी

वित्स्केनं खोरं उचलून पाटात पहिला घाव घातला, तेव्हा काठावरच्या सतरा माणसांतलं एकही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सहासष्ट वर्षांची, ताडमाड उंच, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली हॉलंडची बाई गुडघाभर चिखलात उभी. खोरं इतकं नवं की दांड्यावरचा दुकानाचा कागदसुद्धा निघालेला नाही. यावर हसायचं नाही तर कशावर हसायचं? पण सगळे गप्प. पाहुण्याच्या हातनं कप फुटला की घरातली माणसं भिंतीकडं बघतात ना, तशी सगळी डोंगराकडं बघत होती.

"राहू द्या हो बाई," पाण्याचा कारभारी झेफेरिनो म्हणाला. "कंबर धरेल उगाच. वर देओलिंदा सूप करतीये, तिला जरा हात लावा."

"सूप खायला येईन," वित्स्के म्हणाली. गावची पोर्तुगीज भाषा ती अजून एकेक शब्द दगडासारखा मांडत बोलायची. "चक्कीवालीचा तुकडा कुठनं सुरू होतो?"

सांगायचं कुणालाच नव्हतं. पण डोळे काय ऐकतात? सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले. मोठ्या खडकापासनं जुन्या चेस्टनटच्या खोडापर्यंत, तीस पावलांचा तुकडा. आणि त्या तुकड्यात, खडकाच्या बाजूला, बाह्या वर करून शेजारचा म्हातारा आर्लिंदो आधीच उतरलेला होता.

आता चूक तिचीच होती. पण चांगुलपणानं केलेली चूक, त्यामुळं निस्तरायला जास्त अवघड.

एकतीस वर्षं वित्स्केनं हॉलंडच्या फ्रीसलंड भागात पंपघर चालवलं होतं. तिकडं जमीन समुद्राच्या खाली. पाणी म्हणजे घरात घुसू बघणारा चोर. त्याला अष्टौप्रहर उपसायचं आणि समुद्रात फेकायचं, एवढंच काम. निवृत्त झाली त्याच महिन्यात तिनं टेबलावर नकाशा पसरला आणि जिथं समुद्र काही केल्या चढून येणार नाही असा डोंगर शोधला. पोर्तुगालच्या उत्तरेला, लामेइरा. मुलगा म्हणाला, "आई, तिकडं पडलीस तर?" ती म्हणाली, "पडले तर पडेन. बुडणार तर नाही!"

गावात चक्कीवालीचं घर विकायला होतं. ती चक्कीवाली जाऊन चाळीस वर्षं झालेली, पण लामेइरात माणूस गेलं तरी घराचं नाव जात नाही, उलट राहायला येईल त्याला ते लागतं. चक्कीवालीचा पुतण्या दर जूनला खोरं घेऊन पाटावर जायचा, म्हणून घराचं नाव राहिलं होतं आणि पाणीही राहिलं होतं. हे काही विकताना कागदावर लिहीत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं ते कशाला लिहायचं?

गेल्या जूनमध्ये आर्लिंदो तिच्या दारात आला. वरच्या अंगाचा शेजारी, अंजिराच्या घरातला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको गेलेली. टोपी हातात घेऊन म्हणाला, "शनिवारी पाट साफ करायचाय. तुमच्या घरातनं कोण येणार?"

वित्स्केनं हात झटकले. "मला कशाला हो पाणी? चार कुंड्या माझ्या. माझी पाण्याची पाळी तुम्ही घ्या!"

आर्लिंदोनं हातातली टोपी एकदा गोल फिरवली. मग तीनदा आभार मानले. दुसऱ्या दिवशी चेरींनी भरलेली टोपली दारात ठेवून गेला. त्यानंतर अख्खं गाव तिच्याशी गोड वागायला लागलं. रस्त्यात टोप्या काढायचे, तिच्यासमोर भांडण थांबवायचे. तिला वाटलं, जमलं आपलं.

मग या मे महिन्यात तिनं घराखालच्या शेताच्या पायरीवर बटाटे लावले, घेवडा लावला. देओलिंदाच्या कॅफेत मोठ्या कौतुकानं सांगायला गेली. देओलिंदा कप पुसता पुसता थांबली.

"अगं बाई! म्हणजे घर विकत नाही तुम्ही?"

"कोण म्हणालं विकतीये?"

"पाणी देऊन टाकलंत की! ज्याला पाणी नको त्याला घर कशाला हवं? आम्ही म्हटलं, दोन उन्हाळे काढतील नि जातील."

मग देओलिंदानं सगळं सांगितलं. पाट साफ झाला की झेफेरिनो हेझलच्या झाडाची ओली काठी तोडतो, एकेक घर पुकारतो, घरचं माणूस 'हजर' म्हणतं, काठीवर एक खाच पडते. खाच पडली त्या घराला उन्हाळाभर पाणी. गेल्या वर्षी चक्कीवालीचं घर पुकारलं, तेव्हा कुणी हजर म्हणालं नाही; त्या घराच्या वाट्याचा तुकडा आर्लिंदोनं साफ केला, म्हणून पाणी त्याच्याकडं गेलं. एकदा झालं तर समजून घेतात. दुसऱ्यांदा झालं की नाव पुकारायचंच बंद. मग प्रत्यक्ष बिशपला घेऊन आलात तरी पाणी नाही.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

देओलिंदानं कप फळीवर ठेवला. "पाहुण्याला कोण सांगतं हो?"

तो 'पाहुणा' शब्द आत जाऊन बसला. तिथनं उठून वित्स्के सरळ तालुक्याच्या दुकानात गेली आणि खोरं घेऊन आली.

तर आता ती चेस्टनटच्या खोडापाशी उतरली, म्हणजे तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला. आर्लिंदो खडकाकडनं येत होता, ती खोडाकडनं. दोघांच्या मध्ये वर्षभराचा गाळ, कुजलेली पानं, आल्डरच्या झाडाची मुळं आणि हिवाळ्यात गडगडत आलेले दगड.

पहिल्या अर्ध्या तासात आर्लिंदोनं आठ पावलं काढली आणि तिनं तीन. खोरं तिच्या हातात फिरत होतं. तळव्याला फोड आला, फुटला. मग तिनं हात थांबवला, आर्लिंदोकडं नीट बघितलं. म्हातारा खोरं मारत नव्हता. खोरं नुसतं पडू देत होता आणि गुडघ्यानं ओढून घेत होता. तिनंही तसं केलं. पाणी ती ओळखत होती. गाळ कुठं बसतो, कुठल्या वळणाच्या पोटात जास्त असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एक वाळकं पान सोडून बघायची, पान अडलं की तिथंच घाव. दगड हातानं उचलून काठावर रचायची. कंबर धरली होती, पण ती ते कुणाला सांगणार नव्हती.

काठावरच्यांचं आपापलं काम मागं पडलं. शेवटी लोहाराच्या घरातला टोनियो न राहवून ओरडला, "काका, हॉलंडनं मुळं पार केली हं!"

"तू तुझं गटार बघ," आर्लिंदो म्हणाला.

"काकांना दम लागलाय रे! कुणीतरी दारू द्या त्यांना!"

"तुझ्या बापालासुद्धा याच जागी दम लागायचा, नि तो तीस वर्षांचा होता!"

आता हसले सगळे. वित्स्केला हसू आलं नाही, पण अंगात कुठंतरी बरं वाटलं.

बारा वाजायच्या सुमारास दोघं समोरासमोर आले. मध्ये एका खोऱ्याचा गाळ उरला होता. एवढासाच, मांजर बसावी तेवढा.

"सरका," वित्स्के म्हणाली.

"तुम्ही सरका."

"हा तुकडा माझ्या घराचा आहे."

"दिला होतात मला!"

"एका वर्षासाठी."

"असं नव्हता म्हणालात! 'घ्या' म्हणालात. घ्या म्हणजे घ्या!"

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं!" आर्लिंदोनं टोपी काढून मांडीवर आपटली. "त्या पाण्याच्या भरवशावर मी खालच्या पायरीवर मका पेरलाय. तो काय तुमच्या माहीत-नव्हतंवर वाढणार आहे?"

"आणि माझे बटाटे?"

"बटाटे दुकानात मिळतात!"

"मकासुद्धा मिळतो!"

वर कुणीतरी फस्सकन हसलं. आर्लिंदोनं मात्र टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मिळतो," तो म्हणाला. "मका काय, मिळतोच."

आणि तो पाटातनं वर चढला. चढताना एक हात गुडघ्यावर होता. शेवटचा खोरंभर गाळ तिच्यासाठी तसाच सोडून.

तिनं तो उचलला. फार जड लागला.

झेफेरिनोनं काठी तोडली, साल सोलली, चाकू काढला. लोहाराचं घर. हजर. वरच्या विहिरीचं घर. हजर. प्रत्येक 'हजर'नंतर चाकूचा करकर आवाज. मग झेफेरिनो थांबला. आर्लिंदोकडं बघितलं. आर्लिंदो बुटातला चिखल काढत होता.

"चक्कीवालीचं घर!"

"हजर!" वित्स्के इतक्या जोरात ओरडली की समोरच्या उतारावर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.

करकर आवाज झाला. खाच पडली.

"अंजिराचं घर!"

झेफेरिनोला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं. "काका, अंजिराचं घर!"

"हजर रे," आर्लिंदो म्हणाला. "जातो कुठं."

सूप मोठ्या वाडग्यांतनं आलं, बरोबर मक्याची जाड भाकरी आणि मगभर दारू. फोड फुटलेला तळवा टाळून वित्स्केनं चमचा दुसऱ्या हातात घेतला. देओलिंदा शेजारी येऊन बसली.

"जिंकलात."

"हं."

"आता सांगते. काकांची मुलगी ग्रासिएते. लक्झेंबर्गला असते. पाचव्या मजल्यावर घर आहे, त्यांची खोली रंगवून तयार ठेवलीये. दर ऑगस्टला सुट्टीवर येते नि म्हणते, बाबा, चला आता कायमचं. नि दर ऑगस्टला हे म्हणतात, मका उभा आहे, सोडून कसा येऊ? वरच्या पायरीवरचा मका लवकरचा, तो ऑगस्टला निघून जातो. खालच्या पायरीवरचा उशिराचा. तो ऑक्टोबरपर्यंत उभा असतो, नि तिची सुट्टी संपते." देओलिंदानं भाकरीचा तुकडा मोडला. "खालच्या पायरीला त्यांच्या एकट्याच्या पाळीतलं पाणी पुरायचं पूर्वी. आता झरा आटत चाललाय. गेल्या साली तुमचं होतं म्हणून निभावलं."

वित्स्केचा चमचा सुपातच राहिला. "हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा देऊन टाकलं असतंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आर्लिंदोच्या दारात उभी राहिली. तो उंबऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता. दगड थांबला नाही.

"माझ्या पाळीतलं अर्धं पाणी खालच्या पायरीला घ्या," ती म्हणाली.

"नको."

"गेल्या वर्षी घेतलंत."

"गेल्या वर्षी तुम्ही पाहुण्या होतात. पाहुण्यानं दिलेलं घ्यावं लागतं. काल अख्ख्या गावासमोर माझ्या हातातनं तुकडा काढून घेतलात, नि आज दान करायला आलात होय?"

"दान नाही."

"मग काय आहे?" त्यानं धारेवरनं अंगठा फिरवला. "यंदा अर्धं देणारा पुढल्या साली सगळं देतो. मग घराला कुलूप. बघितलीत आम्ही अशी घरं. मला मेलेल्या घराचं पाणी नको, बाई."

तो उठला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळू लावलं. आपटलं असतं तर तिला चाललं असतं.

जुलै लागला. दर रविवारी चर्चच्या घंटेचे तीन ठोके पडले की पाणी आर्लिंदोचं, पाच पडले की वित्स्केचं, सात पडले की देओलिंदाचं. पाळी बदलायची म्हणजे एकच काम. आपल्या सरीच्या तोंडाशी असलेला चिखलाचा बांध खोऱ्यानं फोडायचा, आणि दुसऱ्याच्या सरीचं तोंड बुजवायचं. पाचचा पहिला ठोका पडायच्या आत आर्लिंदो पाटावरनं निघून गेलेला असायचा. वाटेत भेटला तर टोपी काढायचा. "शुभ दुपार, बाई." बस. तो गोडवा परत आला होता, भिंतीत ओल परत यावी तसा.

तिचे बटाटे फुलले. घेवडा काठ्यांवर चढून पुढं काय म्हणून हवेत बघत होता. आणि तिच्या बांधाला लागून असलेल्या आर्लिंदोच्या खालच्या पायरीवर मक्याची पानं विडीसारखी वळत चालली होती. वरच्या पायरीचं भागवून खाली यायला पाणी उरत नव्हतं. वित्स्के बटाट्यांना पाणी द्यायची आणि तिकडं पाठ करून उभी राहायची. एकदा दुपारी ती पाण्याची बादली घेऊन त्याच्या बांधापर्यंत गेलीसुद्धा. मग तिथंच उभी राहून तिनं ती बादली स्वतःच्या पायांवर ओतली आणि परत आली.

जुलैचा शेवटचा रविवार. पाचला बराच अवकाश होता, पण ती खोरं घेऊन लवकरच पाटावर आली होती. पाणी आर्लिंदोच्या वरच्या सरीतनं जात होतं, त्याच्या खिडकीखालनं, खळखळ करत. खिडकी उघडी होती. आत तो फोनवर बोलत होता. लक्झेंबर्ग लांब आहे म्हणून तो नेहमी ओरडूनच बोलायचा, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी इलाज नव्हता.

"हो, वरचा निघेल पंधरा दिवसांत! ... काय? खालचा? ... खालचा वाळला गं."

वित्स्केनं खोरं जमिनीवर टेकवलं.

"नाही. पाणी कमी पडलं. ... नाही, पुन्हा पेरणार कधी आता?"

मग बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं.

"हो. ... हो, कळतंय मला. ... अगं आहे की खोलीचा रंग आवडता, निळा काय वाईट आहे." आवाज खाली आला होता. इतका खाली की लक्झेंबर्गला तो पोचला असेल का कोण जाणे. "नाही, आता कसली अडचण. काही अडचण नाही. ये तू."

वित्स्केनं घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी. एकतीस वर्षांत तिनं पंपाची एकही झडप वेळेच्या एक मिनिट आधी उघडली नव्हती. त्या बाबतीत तिचा लौकिक होता. निरोपाच्या समारंभात साहेब तिच्याबद्दल तेवढं एकच वाक्य धड बोलले होते.

तिनं खोरं उचललं, आपल्या सरीचा बांध फोडला आणि तो सगळा चिखल त्याच्या सरीच्या तोंडात दाबला. वर पाय देऊन घट्ट बसवला.

पाणी क्षणभर गोंधळलं, मग वळलं. खिडकीखालची खळखळ थांबली.

अठ्ठ्याहत्तर वर्षं जो माणूस त्या आवाजावर झोपला आणि उठला, त्याला तो थांबलेला कळायला किती वेळ लागणार? खिडकीची झडप भिंतीवर आपटली.

"ए! ए चक्कीवाली! घंटा झाली का? झाली का घंटा?"

वित्स्केनं मान वर केली. "माझ्या घड्याळात पाच वाजले!"

"तुझं घड्याळ घाल पाटात! दहा मिनिटं! दहा मिनिटं खाल्लीस माझी! अख्खा समुद्र उपसून पोट भरलं नाही होय गं तुझं?" फोन अजून त्याच्या हातात होता. तो त्यानं कानाला लावला. "ऐकलंस? ऐकलंस ना ग्रासिएते? भर दुपारी! मी घरात असताना! ... कोण म्हणजे? चक्कीवाली! ... आणि ऑगस्टमध्ये कसली येतेस तू मला न्यायला? मी इथनं हललो तर ही बया झऱ्यासकट पाट उचलून नेईल! तुझ्या पणजोबांचं पाणी आहे ते! ... नाही! काही नाही! ठेव फोन, मला खाली जायचंय!"

वर दार उघडलं, आणि या खेपेला सणसणीत आपटलं. मग दगडी पायऱ्यांवरनं भराभर उतरणारी पावलं, आणि पावलागणिक एक नवी शिवी. काही तर वित्स्केनं कधी ऐकल्याच नव्हत्या.

तिनं बांध बुजवला नाही. जागची हललीही नाही. खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ती तो येईपर्यंत उभी राहिली, आणि पुढच्या रविवारी दहा खायची की पंधरा, याचा विचार करत राहिली.